नाव पक्ष्याचं, चिन्ह गाठीचं: एका कपड्यांच्या ब्रँडचं प्रकरण

हे प्रकरण एका लहान कपड्यांच्या ब्रँडचं आहे. बहीण-भाऊ मिळून तो चालवतात. चिन्ह आणि लेबलांचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बरेचसे निर्णय माझ्यासमोर झाले आणि त्यातली एक मोठी चूक माझी होती. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. ब्रँडचं नाव एका पाणपक्ष्याचं आहे आणि चिन्ह कापडी बंदाच्या गाठीचं, एवढं कळलं तरी पुढचं समजायला पुरेसं आहे.

पार्श्वभूमी

बहीण थोरली. पॅटर्न बनवणं, कापणं, शिवून घेणं तिच्याकडे. विक्री, फोटो आणि हिशेब धाकट्या भावाकडे. सुरुवात एका टॉपने झाली. त्याची बाही वेगळी कापून जोडलेली नव्हती, ती अंगाच्याच कापडातून निघत होती. हात पसरले की दोन्ही बाजूंना पंख उघडल्यासारखं दिसायचं. त्यावरून नाव सुचलं. त्या टॉपला बटणंही नव्हती. पुढचा एक भाग दुसऱ्यावर घ्यायचा आणि कमरेपाशी बंद बांधायचा. तो कोणत्या बाजूला बांधायचा हे घालणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून बहिणीने कापडाच्या आतल्या बाजूला धाग्याने छोटीशी गाठ भरली. ती खूण लोकांना आवडली. पुढच्या खेपेला ती बाहेरच्या बाजूला आली आणि हळूहळू सगळ्याच कपड्यांवर गेली.

म्हणजे चिन्ह म्हणून ते कुणी बसून ठरवलं नव्हतं. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची सगळी चर्चा नाव आणि चिन्ह एकमेकांना परके आहेत असं धरून चालली. खरं तर दोन्ही एकाच कपड्यातून आली होती, नाव बाहीतून आणि चिन्ह कमरेतून. ही गोष्ट ग्राहकाला कधी सांगितलीच गेली नव्हती.

अडचण

दोन घटना जवळजवळ एकाच सुमारास घडल्या. माल ठेवणाऱ्या एका दुकानाने कळवलं की लोक येऊन ‘तो गाठीवाला टॉप आहे का’ असं विचारतात, नाव कुणीच घेत नाही. घरी जाऊन ऑनलाइन शोधायचं तर ‘गाठ’ किंवा ‘नॉट’ टाकतात आणि भलतीकडेच पोचतात.

दुसरी घटना दोघांना जास्त लागली. एका ग्राहक बाईंनी तक्रार केली की आपल्याला नकली माल आला आहे. त्यांच्याकडे भेट मिळालेला एक टॉप आधीपासून होता. त्याचा हँगटॅग, म्हणजे नव्या कपड्याला लटकवलेला कागदी टॅग, कधीच कापून टाकलेला, अंगावर फक्त गाठ. भेट देणाऱ्या मैत्रिणीने दुवा पाठवला, त्यावरच्या फोटोतली गाठ ओळखून त्यांनी दुसरा मागवला. आलेल्या पार्सलवर, बिलावर, टॅगवर सगळीकडे पक्ष्याचं नाव. ते नाव त्यांनी कधी नीट वाचलंच नव्हतं. फसवणूक झाली असं वाटणं अगदी साहजिक होतं.

भावाने लगेच निष्कर्ष काढला. ‘ताई, नाव एक सांगतंय आणि चिन्ह दुसरंच. कपड्यावर सरळ पक्षीच घेऊ.’ बहिणीला ते पटत नव्हतं. ‘लोक ज्या खुणेने आपल्याला ओळखतात तीच पुसायची म्हणतोस?’ एवढंच ती म्हणाली. कारणं तिला त्या वेळी मांडता आली नाहीत, आणि अशा बैठकीत ज्याला कारणं मांडता येतात त्याचं पारडं जड होतं. मीही भावाच्या बाजूने झुकले. दुसऱ्या दिवसापासून पक्षी काढायला बसले.

पक्षी काढून पाहताना

माझी चूक ती हीच. तक्रार आलेला कपडा हातात घेऊन बघण्याआधीच मी उत्तर काढायला लागले. तरी त्या कामातून काही गोष्टी कळल्या, त्या सांगण्यासारख्या आहेत.

चिन्ह नावाशी जुळतं म्हणजे काय, याचा अर्थ मी तोवर ढोबळच धरला होता. प्यूमाचं उदाहरण समोर होतं. रुडॉल्फ डासलर यांनी 1948 मध्ये कंपनी काढली, नाव एका प्राण्याचं आणि चिन्हही तोच प्राणी, झेप घेताना. ले कॉक स्पोर्टिफचं तसंच, नावातही कोंबडा आणि चिन्हातही कोंबडा. आपलाही पक्षी तसा बसेल असं वाटलं. पण ही जुळणी कामाला यायची तर चित्र बघून तोंडात नेमका तोच शब्द यावा लागतो. मी काढलेला पक्षी आम्ही ओळखीच्या लोकांना नुसता दाखवला, नाव न सांगता. कुणी बगळा म्हणालं, कुणी हंस, कुणी बदक, बरेच जण फक्त पक्षी म्हणाले. ब्रँडचं नाव कुणाच्याही तोंडी आलं नाही. बोटाच्या पेराएवढ्या चित्रात चोचीचा बाक आणि मानेवरचा पट्टा दिसत नाही, आणि त्या जातीची ओळख नेमकी त्या दोन गोष्टींवरच आहे. कोंबडा त्याच्या तुऱ्यावरून कुणीही ओळखतं. आमच्या पक्ष्याला तसा तुरा नव्हता. गाठ दाखवली तेव्हा मात्र सगळे एकच शब्द बोलले.

मग मशीनवर नमुना काढला. भरतकामात रेषेला जाडी लागते. सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारी शेजारी दाट भरलेल्या टाक्यांची पट्टी साधारण एक मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की धागा नीट बसत नाही, आणि दोन आकारांमधली फट फार अरुंद ठेवली की ती भरून जाते. ताणणाऱ्या कापडावर तर आकार ओढला जातो. कागदावर डौलदार दिसणारी पिसं छातीवर आली तेव्हा तो एक डाग झाला होता. डिजिटायझिंग करणाऱ्या, म्हणजे चित्राचे मशीनसाठी टाके ठरवणाऱ्या कारागिराने सांगितलं, ‘मॅडम, याची पिसं काढा, नुसती बाह्यरेषा ठेवा.’ ठेवली. तेव्हा तो कुठलाही पक्षी झाला.

तिसरी अडचण नोंदणीची. चिन्हांची (ट्रेडमार्कची) नोंदणी करताना माल वर्गांत विभागला जातो आणि मालाच्या नाइस वर्गीकरणात कपडे, पादत्राणं, टोप्या या वस्तू 25 व्या वर्गात येतात. चित्रांसाठी वेगळं व्हिएन्ना वर्गीकरण आहे. त्यात तिसरा गट प्राण्यांचा आणि त्याचा सातवा विभाग पक्ष्यांचा. सल्लागार बाईंनी त्या विभागात कपड्यांच्या वर्गापुरता शोध घेतला, तर उडणाऱ्या, बसलेल्या, मान वळवलेल्या पक्ष्यांची ही गर्दी. त्यांनी एका जुन्या खटल्याचा दाखला दिला, तो मला फार उपयोगी वाटला. झेप घेणाऱ्या मार्जारवर्गी प्राण्याच्या चिन्हावरून प्यूमा आणि साबेल या कंपन्यांमध्ये वाद झाला होता. 1997 मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं की दोन चिन्हांमागची कल्पना एकच आहे, एक पाहून दुसरं आठवतं, एवढ्याने गोंधळाची शक्यता सिद्ध होत नाही. मात्र आधीचं चिन्ह फार वेगळं आणि ठसठशीत असेल तर तसा गोंधळ होऊ शकतो. म्हणजे आमच्या पक्ष्याला कुणी अडवलंच असतं असं नव्हे. पण प्रत्येक वेळी ‘आमचा वेगळा कसा’ हे सांगत बसावं लागलं असतं. गाठीला ती कटकट बरीच कमी होती.

कपडा टेबलावर आला तेव्हा

सगळं वळण इथे आलं. बहिणीने एके दिवशी त्या तक्रारीतला टॉप आणि पार्सलचं सगळं सामान टेबलावर मांडलं. खोका, बिल, आभाराचं कार्ड, हँगटॅग एका बाजूला, कपडा दुसऱ्या बाजूला. कागदाच्या बाजूला फक्त नाव होतं, गाठ एकदाही नाही. कापडाच्या बाजूला फक्त गाठ होती. मानेजवळच्या लेबलवर माप आणि गाठ, धुलाईच्या लेबलवर धुण्याच्या सूचना. टॅग कापला की नाव कायमचं संपलं.

आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही. ग्राहकाने ही दोन्ही शेजारी शेजारी कधी पाहिलीच नव्हती, मग ती जोडणार कशी? नाव आणि चिन्ह जुळत नाहीत ही तक्रार वरवरची होती. उद्या कपड्यावर पक्षी भरला असता आणि लेबलवर नाव नसतं, तरी लोकांनी ‘तो पक्षीवाला टॉप’ म्हटलं असतं आणि नावापाशी पोचलेच नसते.

त्यानंतर मी इतर ब्रँडकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. लाकोस्तचं नाव एका टेनिसपटूचं आडनाव आहे, त्यात मगर कुठेही नाही. रने लाकोस्त यांना 1927 च्या सुमारास वर्तमानपत्रांनी मगरीचं टोपणनाव दिलं, रोबेर जॉर्ज या मित्राने मगर काढून दिली, ती त्यांनी कोटावर भरून घेतली आणि 1933 मध्ये आंद्रे जिलिए यांच्याबरोबर शर्टांची कंपनी काढल्यावर ती शर्टावर आली. नाव आणि चिन्ह यांच्यामध्ये तिथे एक माणूस उभा आहे. पॅटागोनियाचं चिन्ह म्हणजे फिट्झ रॉय पर्वताची कड. नाव आख्ख्या प्रदेशाचं, चिन्ह त्यातल्या एका डोंगराचं. नाइकी तर ग्रीक विजयदेवता. 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढलेल्या त्या वळणदार रेषेत देवता दिसत नाही, पण कित्येक वर्षं ती रेषा आणि ते नाव एकत्र छापलं गेलं. रेषेने एकटीने कंपनीचं चिन्ह म्हणून उभं राहणं सुरू झालं ते 1995 मध्ये. जवळपास चोवीस वर्षं जोडी दाखवल्यानंतर.

सगळ्यात जवळचं उदाहरण लिव्हाइसचं निघालं. जीन्स दोन बाजूंनी ओढणारे दोन घोडे हे चिन्ह 1886 पासूनचं. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं ते गिऱ्हाईक दुकानात दोन घोड्यांची पँट मागायचं. कंपनीचा माल 1928 पर्यंत दोन घोड्यांचा ब्रँड म्हणूनच ओळखला जायचा, त्या वर्षी लिव्हाइस हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. चिन्हाने हाक मारली जाणं ही या बहीण-भावाला नामुष्की वाटत होती. मला ते वाचून खरोखर हलकं वाटलं आणि मी ते लगेच बहिणीला सांगितलं.

समोर असलेले पर्याय

पक्ष्याचा पर्याय वर आलाच आहे. आता तो बाद झालेला नव्हता, पण मागे पडला होता.

नावच बदलून गाठीवरून ठेवायचं, हा विचार एका संध्याकाळपुरता टिकला. नाव कागदपत्रांवर, खात्यांवर, दुकानांशी झालेल्या व्यवहारांत सगळीकडे होतं. शिवाय बहिणीला ते मनापासून प्रिय होतं, आणि ते मला पुरेसं कारण वाटतं.

चिन्ह काढून टाकून नुसतं अक्षरातलं नाव ठेवणं हा पर्याय भावाने आग्रहाने मांडला. मोठ्या फॅशन घराण्यांनी तसं केलं होतं. बरबेरीने 2018 मध्ये घोडेस्वाराचं चिन्ह बाजूला ठेवून साधी जाड अक्षरं घेतली होती. हा घोडेस्वार 1901 पासूनचा. पण 2023 मध्ये तो परत आणला गेला. ज्यांच्याकडे ओळख आधीच रुजलेली आहे त्यांनाही ती परत मागवावीशी वाटली, तर आमच्यासारख्यांनी हातातली एकमेव रुजलेली खूण का सोडायची, असा माझा मुद्दा होता. आणखी एक साधी अडचण होती. नाव लांब आहे. भरतकामात पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं गिचमिड होतात, आणि त्या उंचीने नाव घेतलं तर ते छातीवर पाटीसारखं दिसत होतं.

चौथा पर्याय आम्हा डिझाइनरांच्या आवडीचा. नावाचं पहिलं अक्षर गाठीतून घडवायचं. कागदावर ते इतकं देखणं झालं की तिघंही दोन दिवस खूश होतो. मग ते अक्षर लोकांना दाखवलं, नाव न सांगता. ज्यांना अक्षर दिसलं त्यांना गाठ दिसली नाही, आणि ज्यांना गाठ दिसली ते तिला उगाच गुंतागुंतीची म्हणाले. ती फाइल मी अजून जपून ठेवली आहे. पण कपड्यावर जाण्याच्या लायकीची ती नव्हती.

पाचवा पर्याय दोन्ही आहे तशी ठेवून त्यांना एकत्र बांधायचा. यात नवं चित्र काढायचं नव्हतं म्हणून तो सुरुवातीला पर्याय वाटलाच नव्हता.

काय ठरलं आणि काय केलं

पाचवा पर्याय घेतला. भाऊ पूर्ण पटून तयार झाला असं मी म्हणणार नाही. ‘दोन हंगाम बघू’ या अटीवर तो थांबला, आणि ती अट रास्त होती.

पहिलं काम मानेजवळच्या लेबलचं. विणलेल्या लेबलवर गाठ, तिच्याखाली पूर्ण नाव, माप वेगळ्या छोट्या पट्टीवर. कारण अंगावरचा टॅग जातो, हे लेबल बहुतेकांकडे राहतं. काहीजण तेही टोचतं म्हणून काढतात, तेव्हा धुलाईच्या लेबलवरही नाव छापलं. कमरेपाशी जिथे बंद शिवणीत जातो तिथे एक बोटभर पट्टी आली, एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला नाव. बंद बांधताना ती आपोआप हातात येते. ही कल्पना बहिणीची, आणि सगळ्या कामातली मला सर्वांत आवडलेली.

छातीवरची गाठ एकटीच ठेवली. तिथे नाव घालायचा मोह टाळला. गाठ मात्र पुन्हा काढली. जुन्या गाठीत पाच वळणं होती आणि लहान मापात मधली फट बुजायची. नव्या गाठीत तीन वळणं आहेत आणि बंद एकमेकांवरून जातात तिथे मोकळी जागा ठेवली आहे. जुन्या ग्राहकाला फरक कळू नये इतपतच बदल करायचा, हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

कागदाच्या बाजूला गाठ आली. खोक्यावर, बिलावर, ऑर्डरच्या ईमेलमध्ये नावाच्या डावीकडे. भावाने फोटोंच्या वर्णनांत आणि पानांच्या मजकुरात ‘गाठीचं चिन्ह’ हे शब्द घातले, म्हणजे गाठ म्हणून शोधणारा माणूस निदान वाटेवर येईल. हँगटॅगच्या मागे तीन ओळी छापल्या, बाही पंखासारखी म्हणून हे नाव आणि बंदाची गाठ म्हणून हे चिन्ह. लिहायला सर्वांत सोपं काम तेच होतं आणि ते पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

नोंदणीसाठी दोन वेगळे अर्ज केले, एक नुसत्या शब्दाचा आणि एक नुसत्या चित्राचा. दोन्ही मिळून एकच अर्ज स्वस्त पडला असता. पण छातीवर गाठ एकटी जाते आणि बिलात नाव एकटं जातं. जे ज्या रूपात वापरलं जातं त्या रूपात त्याला संरक्षण हवं, हे सल्लागार बाईंचं म्हणणं आम्हाला पटलं.

शिल्लक जुन्या मालावर नवं लेबल शिवायचं की नाही यावर बराच खल झाला. शिवलं नाही. त्याच्याबरोबर नवा हँगटॅग मात्र दिला.

काय झालं

नकली मालाची तक्रार त्यानंतर आली नाही. दुकानातून येणाऱ्या निरोपांत नाव ऐकू यायला लागलं, बहुधा ‘गाठीवाला’ आधी आणि नाव नंतर. लोक अजूनही गाठच आधी ओळखतात. ते बदललं नाही, आणि ते बदलण्याचा प्रयत्न आता कुणी करत नाही. त्या बाईंना भावाने स्वतः फोन करून सगळी हकीकत सांगितली. त्यांनी टॉप ठेवून घेतला.

शोधातून येणारे लोक नेमके कशामुळे वाढले हे सांगता येत नाही, कारण लेबल, मजकूर आणि नवे फोटो एकाच वेळी बदलले. एक बदल करून थांबलो असतो तर कळलं असतं. तेवढा धीर तेव्हा कुणालाच नव्हता.

भावाला आजही वाटतं की पक्षी अधिक देखणा होता. देखणेपणाबद्दल त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही.

आज मी काय वेगळं करेन

पेन्सिल हातात घेण्याआधी मी तो कपडा, त्याचं पार्सल आणि वर्षभर वापरून धुतलेला एक जुना नमुना मागवेन. टॅग गेल्यावर त्यावर ब्रँडचं नाव कुठे उरतं, हा पहिला प्रश्न असेल. मी तीन आठवडे पक्षी काढत बसले, ते या एका प्रश्नाने वाचले असते.

चित्र दाखवून ‘आवडलं का’ असं विचारणं मी सोडलं आहे. आता मी विचारते, ‘हे फोनवर कुणाला सांगायचं असेल तर काय म्हणाल?’ जे उत्तर येतं त्या शब्दाने पुढे लोक दुकानात विचारणार असतात.

नोंदणीचा शोध मी नमुना भरून घेण्याआधी करेन. आम्ही उलट केलं आणि एका कारागिराचे कष्ट वाया गेले.

बहिणीला त्या पहिल्या बैठकीत बोलायला जास्त वेळ द्यायला हवा होता. तिच्याकडे नीट रचलेली वाक्यं नव्हती. पण वर्षानुवर्षं तो कपडा तिच्या हाताखालून गेला होता, आणि शेवटी ते सामान टेबलावर मांडून तिने जे दाखवलं तेच खरं ठरलं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बहिणीने आता लहान मुलांचे कपडे सुरू केले आहेत. तिथे सुरक्षेसाठी लोंबणारे बंद ठेवायचे नाहीत असं तिने ठरवलं आहे. म्हणजे कपड्यात गाठच नाही आणि चिन्ह गाठीचं. बाही मात्र तीच, पंखासारखी. भावाने लगेच जुना पक्षी काढून दाखवला. सध्या लेबलवर गाठ आणि नाव एकत्र आहे, छाती रिकामी आहे, आणि पहिली खेप विकली जाईपर्यंत ती तशीच ठेवायची असं तिघांनी मिळून ठरवलं आहे.